कुदळ खडवलीला पोहोचण्यापूर्वी

रविवारच्या सकाळी कल्याणहून आसनगाव-कसाऱ्याकडे सुटणाऱ्या गाड्यांतून खडवली स्थानकावर तरुणांचे थवे उतरतात आणि त्यांचे पाय थेट भातसा नदीकडे वळतात. प्रत्येकाच्या हाती मोबाईल असतो. दिवसभरात त्यातून निघणाऱ्या छायाचित्रांना गणती नसते. पाण्यात उभे राहून, खडकावर बसून, एकमेकांच्या खांद्यावर चढून ती घेतली जातात. प्रत्येक छायाचित्राच्या मध्यभागी ज्याचे त्याचे मुखकमल, मागे नदीचा एखादा तुकडा, आणि गाव? गाव कोठेच नाही. स्थानकाभोवतीच्या नव्या इमारती ओलांडल्या की खडवलीत आणि आसपासच्या गावांत अजून कौलारू छपरे दिसतात, ओटीवरचे लाकडी खांब दिसतात, अंगणातली तुळशीवृंदावने दिसतात. ती दिसतात म्हणजे डोळ्यांसमोरून जातात एवढेच. पाहत कोणी नाही.

तरुणांना दोष देऊन हात झटकणे सोपे आहे. परंतु हा संस्कार त्यांना घरातूनच मिळालेला आहे. डोंबिवली, कल्याण, ठाणे येथील मध्यमवर्गीय कुटुंब वर्षातून एकदा सहलीला जाते. जैसलमेरच्या हवेल्यांच्या जाळीदार सज्ज्यांपुढे, हंपीच्या दगडी रथापुढे ते थांबते, मार्गदर्शकाचे बोलणे भक्तिभावाने ऐकते आणि छायाचित्रांचे शतक पूर्ण करते. ऐपत वाढली की हेच कुटुंब अकरा दिवसांत सात देश पाहून येते आणि प्राग किंवा फ्लॉरेन्सच्या जुन्या गल्ल्या त्या लोकांनी कशा जपल्या आहेत, याचे कौतुक वर्षभर पुरवून पुरवून सांगते. कौतुक योग्यच आहे. मात्र त्याच गृहस्थाला आजोबांच्या घराच्या ओटीला किती खांब होते, दरवाजाच्या गणेशपट्टीवर काय कोरले होते, माळ्यावर जाणारा जिना कोणत्या अंगाने चढत होता, असे विचारले तर तो गोंधळतो. ते घर पाडले तेव्हा तो चाळीस वर्षांचा कर्ता पुरुष होता. घरात कॅमेरा होता. मुंजी-बारशांची पाकिटेच्या पाकिटे त्यातून भरली होती. घराचे छायाचित्र घ्यावे, हे मात्र कोणाच्या मनातही आले नाही. मुंजीच्या छायाचित्रात बटूच्या पाठीमागे चुकून आलेला अर्धा खांब, एवढाच त्या वास्तूचा पुरावा आज शिल्लक आहे.

कल्याण हे काही काल-परवा वसलेले उपनगर नव्हे. पेरिप्लस या प्राचीन ग्रीक प्रवासग्रंथात या बंदराचे नाव आहे. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्या कल्याणकरांची नावे शिळेवर कोरलेली आहेत. १६५७ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी कल्याण स्वराज्यात आणले आणि खाडीकाठच्या दुर्गाडीच्या परिसरात मराठी आरमाराच्या उभारणीला हात घातला. पेशवाईत उत्तर कोकणचा कारभार येथून चाले. सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी १७६० साली ठाण्याच्या कोपिनेश्वर मंदिराचा जीर्णोद्धार केला, तो याच कारभाराचा भाग. अशा शहराच्या पोटात किती वाडे, किती देवळे, किती तलाव असावेत! पारनाक्यापासून टिळक चौकापर्यंत फिरणाऱ्या जुन्या कल्याणकरास अद्याप काही दारे, काही जोती, काही भिंती ओळखू येतात. बाकी सर्वत्र मनोरे उभे आहेत आणि त्यांच्या कमानींवर 'वाडा' हा शब्द तेवढा सोनेरी अक्षरांत झळकतो. सुभेदारवाडा हे नाव आज शाळेमुळे आणि गणेशोत्सवामुळे कल्याणच्या घराघरांत ठाऊक आहे. ज्या वास्तूवरून हे नाव पडले तिचा चौक कसा होता, तिच्या खांबांची घडण कशी होती, हे दाखवणारे एक तरी छायाचित्र किती घरांच्या कपाटांतून निघेल?

वास्तू पडते ते एकदाच. तिची नोंद नसेल तर ती लोकांच्या बोलण्यातून आणि शेवटी मनांतून पुन्हा पुन्हा पडत राहते. महाराष्ट्राला याचा फार मोठा अनुभव आहे. थोरल्या बाजीरावांच्या शनिवारवाड्याचा पाया १७३० साली घातला गेला, १७३२ साली वास्तुशांत झाली. १८२८ च्या आगीत आतले महाल जळून गेले. आज पुण्यात येणाऱ्या मुलाला दिल्ली दरवाजा, तट आणि जोती दाखवली जातात. पुढचे सगळे त्याने कल्पनेने पाहायचे. गणेश रंगमहालासारख्या एखाद्या दालनाची कल्पना करता येते, ती जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या रेखाटनांवरून रंगविलेल्या दरबाराच्या चित्रामुळे. हिंदुस्थानच्या राजकारणाची सूत्रे जेथून हलत होती, त्या घराचे आतले रूप सांगण्यासाठी परक्याच्या कुंचल्याकडे पाहावे लागते.

त्या काळी छायाचित्रकला नव्हती, ही सबब पेशवाईपुरती मान्य करता येईल. तशी सबबही पूर्ण खरी नाही. पुण्याच्या गंगाराम तांबट या कलावंताने १७९० च्या दशकात वेरूळची लेणी आणि पुणे परिसरातील वास्तू विलक्षण नेमकेपणाने रेखाटल्या. पाहण्याची दृष्टी, हाताचे कसब, चिकाटी, सारे येथलेच होते. पण काम सांगणारा होता इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट, आणि गंगारामची चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. गंगारामला काम सांगणारा मराठी सरदार निघाला असता तर? हा प्रश्न इतिहासाला विचारण्यात अर्थ नाही. पण आजच्या नगरसेवकाला, विश्वस्ताला आणि शाळेच्या मुख्याध्यापकाला तो अवश्य विचारता येतो.

पुढे कॅमेरा आला, आणि तोही काही उशिरा आला नाही. १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतले नामांकित छायाचित्रकार. १८५५ साली एल्फिन्स्टन विद्यालयात छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. योगायोग असा की, त्याच १८५५ साली कल्याणहून वासिंदपर्यंतचा लोहमार्गही वाहतुकीस खुला झाला. म्हणजे खडवलीच्या शिवारातून आगगाडी धावू लागली, त्याच सुमारास मुंबईत मराठी माणसाच्या हाती कॅमेरा आला होता. लोहमार्ग टाकणाऱ्या कंपनीने आपल्या पुलांची, बोगद्यांची, घाटातल्या बांधकामांची चित्रे आणि नकाशे आवर्जून करून ठेवले. ज्या गावांमधून तो मार्ग गेला त्या गावांची चित्रे कंपनीने काढली नाहीत, आणि ते तिचे कामही नव्हते. ज्यांचे ते काम होते, ते पहिल्या गाडीत बसून मुंबईला गेले.

ठाणे जिल्ह्यातच याला एक ठळक अपवाद आहे. अंबरनाथचे शिवमंदिर. तेथील लेख शिलाहार राजा मामवाणी याचा, शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० चा. भूमिज शैलीचे शिखर, तारकाकृती तळ, पायऱ्या उतरून ज्यात जावे लागते तो गाभारा, आणि बाहेरच्या भिंतीवर इंचभर जागा मोकळी न सोडणारे शिल्पकाम. १८६८ साली सरकारी खर्चाने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील शिक्षक-विद्यार्थ्यांकडून या मंदिराची रेखाचित्रे, छायाचित्रे आणि शिल्पांचे साचे तयार करवून घेण्यात आले. त्यानंतर दीडशेहून अधिक पावसाळे गेले. वालधुनीच्या काठी उभ्या असलेल्या या मंदिराने कारखान्यांचे वायू पाहिले, सांडपाणी पाहिले, झिजणारी शिल्पे पाहिली. आज एखाद्या मूर्तीच्या हातातील आयुध ओळखू येत नसेल, तर अभ्यासक त्या जुन्या चित्रांकडे वळतो. नोंदीचे मोल असे असते. लेखाची गोष्टही तशीच बोधप्रद आहे. भाऊ दाजींनी तो प्रथम वाचला तेव्हा शकाचा पहिला आकडा चुकला आणि मंदिर दोनशे वर्षे जुने ठरले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो नीट वाचून शके ९८२ निश्चित केला. पुन्हा वाचता आला, कारण शिळा जागेवर होती आणि तिच्यावर कोणी रंग फासला नव्हता.

रंगाचा विषय निघालाच आहे, तर तो आता टाळून चालणार नाही. या पृष्ठांचे वाचक ज्या मंदिरांच्या विश्वस्त मंडळांवर आहेत, ज्या उत्सव समित्यांचे कार्यवाह आहेत, त्यांनी हा परिच्छेद रागावून का होईना, पण पुरता वाचावा. कोकणात आणि घाटावर आज जुन्या देवळांचे सर्वाधिक नुकसान कोण करीत असेल, तर ते श्रद्धावंत करीत आहेत. मूर्तिभंजकांच्या घणाच्या कथा सांगणारा समाज स्वतःच्या हाताने गाभाऱ्याला स्नानगृहाच्या चकचकीत फरशा लावतो. काळ्या दगडाच्या खांबाला निळा-गुलाबी तैलरंग देतो. छिन्नीच्या खुणा दिसू नयेत म्हणून वाळूच्या माऱ्याने दगड घासून घेतो. सभामंडपाच्या सागवानी तुळया विकून त्या जागी सिमेंटचा चौकोनी डबा उभारतो, दीपमाळेच्या कमरेपर्यंत काँक्रीट भरतो, शिखरापुढे पत्र्याची शेड ठोकतो आणि देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी लावून यालाच जीर्णोद्धार म्हणतो! अंगणातला वीरगळ कपडे धुण्याचा दगड होतो. शिलाहारांच्या काळातली गधेगाळ शेंदूर फासल्यामुळे ओळखू येत नाही आणि मग ती कोणत्या तरी अनाम देवतेच्या नावाने पुजली जाते.

यात हेतू वाईट नसतो, हे खरे. पण शास्त्र हेतू पाहत नाही. जुने बांधकाम चुन्यात झालेले असते. चुना मऊ असतो, ओल शोषतो आणि उन्हाळ्यात ती सोडून देतो. दगड किंचित हलले तरी त्यांच्याबरोबर हलतो. त्याच सांध्यांत सिमेंट भरले की ओल आत कोंडते, क्षार दगडाच्या पृष्ठभागी येऊन फुटतात आणि पापुद्रे सुटू लागतात. तैलरंगाने तर दगडाचा श्वासच बंद होतो. चार वर्षांत रंग फुगतो, मग तो खरवडला जातो आणि त्याबरोबर नाक, बोटे, दागिन्यांचे नक्षीकामही जाते. अग्निपुराणात आणि मयमतासारख्या शिल्पग्रंथांत जीर्णोद्धाराचा स्वतंत्र विचार केलेला आहे. पूर्वजांनी ज्या विषयावर अध्याय लिहिले, तो विषय आज गल्लीतल्या ठेकेदाराच्या दरपत्रकावर निकालात निघतो. २०२५ साली पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांच्या जन्माला तीनशे वर्षे झाली. गावोगाव व्याख्याने झाली, प्रतिमापूजने झाली. अहिल्याबाईंनी बांधलेले घाट आणि देवळे अडीचशे वर्षे पाण्यात-उन्हात उभी आहेत; त्यांच्या नावाने भाषण करणाऱ्या किती मंडळींच्या देवळातल्या फरशा दहा वर्षे टिकतात, हे ज्याने त्याने तपासून पाहावे.

तेव्हा निदान एक गोष्ट करता येईल. जीर्णोद्धाराचा ठराव होण्यापूर्वी देवळाचे चारही बाजूंनी, आतून-बाहेरून, खांबा-खांबाचे छायाचित्रण करायचे, आणि ते झाल्याशिवाय पहिली पहार लावायची नाही. अनेकदा छायाचित्रे टेबलावर पसरली म्हणजे विश्वस्तांना प्रथमच कळते की, आपल्याकडे काय आहे. मग पहार थांबतेही.

नोंदीतून काय घडू शकते, याचे उदाहरण पोलंडने घालून दिले आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या उठावानंतर, जर्मनांनी वॉर्सा शहर सूडबुद्धीने घरामागून घर असे उद्ध्वस्त केले. राष्ट्राची स्मृतीच पुसायची, हा उद्देश होता. पण युद्धापूर्वी तेथील तंत्रविद्यालयाच्या प्राध्यापक-विद्यार्थ्यांनी जुन्या शहरातील घरांची मोजमापे घेऊन रेखाटने करून ठेवली होती, आणि व्याप्तीच्या काळात जीव धोक्यात घालून ती लपवून सांभाळली होती. युद्ध संपताच त्या कागदांवरून, जुन्या छायाचित्रांवरून आणि अठराव्या शतकातील चित्रांवरून पोलिश लोकांनी ते शहर पुन्हा उभे केले. १९८० साली जागतिक वारसा म्हणून त्याला मान्यता मिळाली. ते काम करणारे विद्यार्थी होते. त्यांच्या हाती पट्टी, कागद आणि पेन्सिल होती. आजच्या विद्यार्थ्याच्या खिशात त्याहून कितीतरी समर्थ साधन आहे, आणि ते तो भातसेच्या पाण्यात स्वतःचे तोंड टिपण्यासाठी वापरतो.

या विषयावर बोलू लागताच दोन बाजूंनी आक्षेप येतात. पहिला व्यवहारी माणसाचा. सामान्य माणसाला डोक्यावर छप्पर हवे, गळक्या वाड्यात राहून बघा म्हणजे कळेल, असे तो म्हणतो. त्याचे बरोबर आहे. धोकादायक इमारत पाडावीच लागते आणि पागडीच्या दोन खोल्यांत तीन पिढ्या काढलेल्यांना नवे घर मिळालेच पाहिजे. परंतु छायाचित्र घेतल्याने कोणाच्या पुनर्विकासाला एक दिवसही विलंब होत नाही. पाडकामापूर्वी प्रत्येक खोली मोजली जाते. बदल्यात किती क्षेत्रफळ मिळणार, हे ठरवण्यासाठी इंचाइंचाचा वाद होतो. चौरस फूट मोजले जातात, खांब मोजले जात नाहीत. ज्या दिवशी फीत धरून माणसे घरात उभी असतात, त्याच दिवशी अर्धा तास जास्त थांबायला काय हरकत आहे?

दुसरा आक्षेप विचारवंतांचा आहे. वाडा म्हटला की या मंडळींना सरंजामशाही आठवते, आणि त्याची आठवण ठेवणे हे उच्चवर्णीयांचे स्मरणरंजन वाटते. वाड्याचा मालक सरदार असेल. वाडा बांधला कोणी? सुरूच्या आकाराचा खांब ज्याने तासला तो सुतार, जोत्याचे चिरे ज्याने बसवले तो पाथरवट, चुना मळणारा गवंडी, कड्या-कोयंडे घडवणारा लोहार, कौले भाजणारा कुंभार, यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत. त्यांची सही म्हणजे ती वास्तू. ती नोंद न होता पडली तर पुसला जातो तो कारागीर. सरदाराचे नाव कागदपत्रांत सुरक्षितच असते. शिवाय वास्तू म्हणजे केवळ वाडा, हे कोणी ठरवले? कारवीच्या कुडाला शेणमातीचा गिलावा देऊन उभे केलेले ठाकर-कातकऱ्यांचे घर, आगऱ्या-कुणब्यांची प्रशस्त पडवी, गुरांच्या गोठ्यावरून सरळ उतरत आलेले छप्पर, ही वास्तुकला नव्हे काय? पश्चिमेचा पाऊस कोणत्या अंगाने येतो, हे ओळखून पाखे किती खाली आणायचे, हे ठरवणाऱ्या अनक्षर माणसाला स्थापत्य कळत नव्हते, असे म्हणण्याचे धाडस फक्त पुस्तकी पंडितच करू शकेल.

शासनाची तऱ्हा तिसरीच. वारसा म्हटला की त्याची नजर मुंबईच्या दक्षिण टोकाला जाते आणि तेथेच खिळते. वारसा वास्तूंसाठी देशातील पहिली नियमावली १९९५ साली झाली, ती बृहन्मुंबईपुरती. २००४ साली छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची वास्तू जागतिक वारसा ठरली, २०१८ साली व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारतींचा समूह. २०२५ साली मराठ्यांच्या बारा दुर्गांना तो मान मिळाला, हे मोठ्या समाधानाचे. तथापि ज्या लोहमार्गाचे ते भव्य मुख आहे, त्याच मार्गावर कल्याणच्या पुढे असलेल्या दगडी मोऱ्या आणि कमानी त्या टर्मिनसहून तीस वर्षांनी जुन्या आहेत. टर्मिनस पूर्ण झाले १८८८ साली. येथे गाडी धावली १८५५ साली. त्या मोऱ्यांवरून रोज हजारो माणसे जातात, आणि गाडीतल्या कोणाला खाली काय आहे, याचे कुतूहल नाही. मुंबईतले इंग्रजी टोक तेवढे सुंदर आणि उरलेला ठाणे जिल्हा म्हणजे झोपायची जागा, ही समजूत परकीयांनी लादलेली नाही. ती येथल्याच माणसांनी आनंदाने पत्करलेली आहे.

छायाचित्रणाला बंदी असते, अशी एक जुनी पळवाट होती. तीही आता उरलेली नाही. पुरातत्त्व खात्याच्या नव्या मुख्यालयाच्या उद्घाटनप्रसंगी जुलै २०१८ मध्ये पंतप्रधानांनीच या बंदीवर बोट ठेवले, आणि अजिंठ्याची लेणी, लेहचा राजवाडा व ताजमहालातील कबरीचा भाग वगळता केंद्रसंरक्षित स्मारकांत छायाचित्रे घेण्यास खात्याने मोकळीक दिली. अंबरनाथला जाणाऱ्या भाविकाने श्रावणी सोमवारी रांगेत उभे असताना भिंतीकडे मान वर करून पाहावे, एवढाच प्रश्न उरला आहे.

खडवलीचा प्रश्न याहून निकडीचा आहे. हे गाव कल्याण तालुक्यात असले तरी कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे. महापालिका टिटवाळ्यापाशी संपते आणि नगररचनेचा विचारही जवळपास तेथेच संपतो. इमारती मात्र हद्द पाहून थांबत नाहीत. पडघ्याच्या बाजूने मुंबई-नाशिक महामार्ग जवळ आहे. भिवंडी तालुक्यातील आमणे येथपर्यंत समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि नागपूरपासूनचा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. रस्ता आला की जमिनीला भाव येतो आणि भाव आला की पहिले काय पडते, हे डोंबिवलीकराला सांगायला नको. त्याने ठाकुर्ली पाहिली, कोपर पाहिले, दिवा पाहिले. विकासाला विरोध करण्याचे कारण नाही. पण त्या गावांचे पूर्वीचे रूप दाखवा म्हटले तर दाखवता येत नाही, ही लाज आहे. याच टापूत लोनाडचे लेणे आहे, शिलाहारकालीन शिवमंदिराचे अवशेष आहेत. जवळच्या चौधरपाड्याचा शिलालेख शिलाहार केशिदेवाचा, शके ११६१ चा. इतक्या जुन्या वस्तीच्या मुलखात कोणत्या शेताच्या बांधावर कोणती शिळा पडून आहे, हे पोकलेन यंत्र चालवणाऱ्याला कसे कळावे?

हे काम करणार कोण, असा प्रश्न येतोच. १९९९ साली डोंबिवलीच्या श्री गणेश मंदिर संस्थानाने गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा काढली, तेव्हाही तो विचारला गेला असेल. पाहता पाहता ती प्रथा महाराष्ट्रभर गेली. ज्या समाजाला पहाटे पाचला हजारो माणसे पारंपरिक वेषात रस्त्यावर आणता येतात, त्याला महिन्यातून एका रविवारी दहा मुलांना घेऊन खडवलीच्या गावठाणात जाता येत नाही, हे पटण्यासारखे नाही. शाळांच्या सहली जलक्रीडा उद्यानांत जातात. त्यातली एक इकडे वळवता येईल.

मात्र जायचे ते पाहायला. घरमालकाची परवानगी आधी घ्यावी; आत महिला काम करीत असतात, याचे भान ठेवावे. दर्शनी भाग समोर सरळ उभे राहून टिपावा, कॅमेरा वर-खाली न झुकवता. झुकवला की खांब तिरपे पडतात आणि प्रमाण बिघडते. शेजारी एक फूटपट्टी किंवा काठी ठेवावी, म्हणजे मापाचा अंदाज राहतो. कोरीव काम सकाळच्या तिरप्या उन्हात उठून दिसते, भर दुपारी सपाट होते. मग तपशील घ्यावेत: तुळई खांबावर जेथे टेकते तो सांधा, कडीपाट, गजांची खिडकी, कोनाडा, देवळी, दाराची कडी, जोत्याचा चिरा. तारीख, गाव आणि घर बांधल्याचे साल कुटुंबाला ठाऊक असेल तर तेही लिहावे. व्हॉट्सअॅपवरून इकडून तिकडे पाठवून समाधान मानू नये. त्यात चित्र आक्रसते आणि ते केव्हा टिपले, ही माहितीही गळून पडते. मूळ प्रती दोन ठिकाणी जतन कराव्यात आणि एक छापील संच गावाच्या वाचनालयात ठेवावा.

आणि छायाचित्र घेताना घरातल्या आजीला सोबत घ्यावे. ओटी, पडवी, माजघर, वळई, माळा, आढे, वासा, पाखे, हे शब्द तिला येतात. तिच्या नातवाला 'हॉल' आणि 'बाल्कनी' येतात. मराठी घराच्या अवयवांची नावे मोठ्या निगुतीने गोळा करून १८३१ साली कोशात बसवली ती मोल्सवर्थ या इंग्रज अधिकाऱ्याने, मराठी पंडितांच्या साहाय्याने. पुढच्या पिढीला आढे म्हणजे काय, हे कळण्यासाठी त्या कोशाकडे जावे लागेल, आणि तेथेही चित्र नसेल. आजी बोट दाखवील तिकडे कॅमेरा वळवावा आणि तिने उच्चारलेला शब्द खाली लिहून घ्यावा.

यासाठी सर्वांत योग्य काळ चैत्र-वैशाखाचा. पावसाळ्यापूर्वी घर शाकारायला कौले उतरवली जातात, तेव्हा एरवी काळोखात असलेला सारा लाकडी सांगाडा उघडा पडतो: आढे कोठे टेकले आहे, वासे कसे उतरले आहेत, कोणता सांधा खिळ्याशिवाय खुंटीवर बसवला आहे, हे सगळे उजेडात दोन-तीन दिवस दिसते. मग कौले पुन्हा चढतात. खडवलीच्या परिसरात शाकारणी करणारी माणसे आता कमी झाली आहेत, आणि ज्या घराला ती मिळत नाहीत त्याचे कौल एकदा उतरले की त्या जागी पत्रा येतो.